रोझ्मितालचे रिबा मास्तर

रिबा मास्तरांची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी रचलेलं गायन, सुरू होते तीच एका आरोळीने. "हेय मिस्त्रशे!" म्हणजे "अहो मालक, उठा की लवकर!" रात्रीची वेळ आहे, डोंगरांवर आणि रानावर काहीतरी लखलखतंय, आणि धाकटा मेंढपाळ थोरल्याला हलवून जागं करतोय. टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज, हाका मारतो, बास, म्हणजे खालचा आवाज, झोपेतून उठतो, मग सगळा कोयर, म्हणजे गायकवृंद, गोळा होतो. आणि हे मिस्सेचं 'किरिये', म्हणजे दया मागायचा भाग आहे बरं का! "हे प्रभो, दया कर" यातला एक शब्द त्यात नाही. वसईत नाताळच्या मध्यरात्री आम्ही असं काही गायला घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फादरांनी आमच्या कोयरमास्तरांना पाद्रीघरी बोलावून घेतलं असतं हे नक्की.

चेक लोकांचं मात्र या मिस्सेवाचून पान हलत नाही. 'चेक नाताळ मिस्सा' हे तिचं रूढ नाव, पण लाडाने सगळे 'रिबोव्का'च म्हणतात. डिसेंबर उजाडला की गावोगावच्या चर्चमध्ये, सभागृहांत, शाळांत, अगदी रेल्वे स्टेशनांवरही रिबोव्का गातात. ज्याला येतं तो उभा राहतो आणि गातो. एरवी वर्षभर चर्चची पायरी न चढणारे लोकही गातात, आणि हा देश युरोपातल्या सर्वांत कमी देवभोळ्या देशांपैकी आहे हे लक्षात घ्या. मी इथल्या प्लझेन शहरात नोकरीला आले तेव्हा ऑफिसातल्या एका कट्टर नास्तिक सहकाऱ्याने मला या मिस्सेची टेनरची ओळ कॉफीच्या मशीनपाशी तोंडपाठ म्हणून दाखवली होती. मी वसईच्या चर्चच्या माळ्यावर की-बोर्ड वाजवत वाढलेली. इथे आल्यावर कोयर शोधला नसता तरच नवल. शोधला, आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात जागा मिळाली, आणि त्या वाटेने मी याकुब यान रिबा या माणसापर्यंत पोचले.

रिबांना संगीतकार म्हणायची पद्धत आहे आणि ते होतेच. पण मला ते आधी मास्तर वाटतात. त्यांचा हुद्दाच तसा होता. त्या काळच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागात, 'कांतोर' म्हणून एक माणूस असे. गावची शाळा त्याची, चर्चमधला ऑर्गन त्याचा, कोयर त्याचा, लग्न-मयताची गाणी त्याची, कित्येक ठिकाणी घंटा वाजवायचं कामही त्याचंच. पगार असा धड नसायचाच. पोरांच्या फीचे चार पैसे, लग्नाचे-मयताचे थोडे, सणाला दारोदार गाऊन मिळालेलं धान्य-अंडी, असं गोळा करून घर चालवायचं. गोव्यातल्या जाणकारांना हे ओळखीचं वाटेल. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या पॅरिश शाळांमध्ये मेस्त्रे असत. ते पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, घोटवून घेत, व्हायोलिन हातात देत, आणि त्याच पोरांच्या जोरावर रविवारची मिस्सा उभी राहत असे. पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा गोव्याच्या होत्या त्याचं मूळ त्या शाळांत आहे. बोहेमियातही असंच झालं. चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीतपंडित १७७२ साली या मुलखातून गेला. चास्लाव गावच्या शाळेत त्याने पाहिलं ते असं: सहा ते दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली एकाच वर्गात कोणी वाचतायत, कोणी लिहितायत, कोणी व्हायोलिन वाजवतायत, कोणी ओबो, कोणी बॅसून, ही फुंकायची वाद्यं. आणि ऑर्गनवाल्याच्या छोट्याशा खोलीत चार क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखी छोटी वाद्यं, मांडलेले, चारींवर चार पोरं बसून आपापला धडा गिरवतायत. त्या खोलीत काय गोंगाट असेल! पण युरोपभरच्या दरबारांना वादक पुरवणारा हा देश अशाच खोल्यांमधून घडला.

रिबा अशाच घरातले. जन्म २६ ऑक्टोबर १७६५ चा, प्रशेश्तित्से गावी. प्लझेनहून दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. वडीलही याकुबच, तेही मास्तरच. पुढे कुटुंब नेपोमुकला गेलं. कबुलीजबाबाचं गुपित फोडलं नाही म्हणून ज्यांना व्ल्तावा नदीत बुडवलं असं सांगतात, त्या संत जॉन नेपोमुक यांचं हे गाव. तिथे वडिलांनी पोराला गाणं, व्हायोलिन, ऑर्गन सगळं शिकवलं. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा प्रागला गेला, पिआरिस्ट पाद्रींच्या शाळेत. लॅटिन, ग्रीक, जर्मन, फ्रेंच, इतिहास, तत्त्वज्ञान, जे मिळेल ते वाचलं, आणि प्रागच्या चर्चांमधलं संगीत कान भरून ऐकलं. रचना कशी करावी हे त्याला कोणी बसवून शिकवलं नाही, ते त्याने ऐकून आणि स्वरलिपी चाळून उचललं. विद्यापीठात जायचं डोक्यात होतं. पण वडिलांनी परत बोलावून घेतलं. एक मास्तरकीची जागा होती, घरात पैसे नव्हते. विषय संपला.

नेपोमुक, मग म्नीशेक, आणि १७८८ पासून रोझ्मिताल. तिथून ते मरेपर्यंत हलले नाहीत, म्हणजे सत्तावीस वर्षं.

रोझ्मिताल ब्रदीच्या रानाला लागून आहे. तिथली जहागीर होती प्रागच्या आर्चबिशपची, म्हणजे शाळा, चर्च, जमीन, सगळीकडे धनी एकच. आणि अशा गावात आलेले हे तरुण मास्तर कोणत्या पिढीचे, तर सम्राट जोसेफ दुसरा याच्या सुधारणांनी भारावलेल्या पिढीचे. त्याची आई मारिया थेरेसा हिने १७७४ साली फर्मान काढून पॅरिशगणिक शाळा काढायला लावली होती. जोसेफने त्याच्याही पुढे जाऊन मठ बंद केले, भूदासांना मोकळीक दिली, धर्माच्या बाबतीत सहिष्णुता आणली. रिबांना वाटलं, आता शाळेतून माणूस घडवायचा. नेमून दिलं त्यापेक्षा जास्त शिकवावं, पोरांना विचार करायला लावावा. गावच्या पाद्रींना आणि पुढाऱ्यांना वाटलं, हा मास्तर स्वतःला समजतो कोण. मग जे कुठल्याही गावात होतं तेच झालं. कागदोपत्री तक्रारी, अडवणूक, शाळेच्या जागेवरून आणि पैशावरून कटकटी. रिबा शाळेची रोजची नोंद लिहून ठेवत, त्यामुळे यातलं बरंच आपल्याला कळतं.

यातली गंमत अशी की ज्या जोसेफवर त्यांची श्रद्धा, त्याच जोसेफने १७८० च्या दशकात चर्चमधल्या वाद्यवृंदाला कात्री लावली होती. उपासना साधी असावी, लोकांनी आपल्या भाषेत साधी गाणी म्हणावीत, ढोल-तुताऱ्यांचा थाट कशाला, असं त्याचं म्हणणं. १७९० मध्ये तो वारला आणि हे निर्बंध सैलावले. रिबांची मिस्सा १७९६ ची. तिच्यात बासरी आहे, क्लॅरिनेट आहेत, हॉर्न, ट्रम्पेट, तंतुवाद्यं, नगारे, ऑर्गन, सगळं आहे. शिवाय लोकांची भाषाही आहे! सम्राटाचं अर्धं ऐकलं, अर्धं सोडून दिलं. मला यात मास्तरांचा धूर्तपणा दिसतो. कदाचित तो मी माझ्या मनानेच दिला असेल.

वरचं शीर्षक मात्र लॅटिनमध्ये, चांगलं लांबलचक: 'मिस्सा सोलेम्निस', ख्रिस्तजन्माच्या सणासाठी, बोहेमियन भाषेत बसवलेली, वगैरे. आत उघडलं की मेंढपाळ.

आता त्या संगीताबद्दल. तालमी नोव्हेंबरात सुरू होतात. आमच्या वह्या पिढ्यानपिढ्या वापरलेल्या आहेत, माझ्या वहीत आधीच्या कुणा आल्टोने जागोजाग पेन्सिलीने चष्म्याचं चित्र काढून ठेवलंय. इथली पद्धत आहे ती, म्हणजे 'इथे डोळे उघडे ठेव, बाई कांडी हलवणार आहेत'. आमची आल्टोची ओळ अवघड नाही. बहुतेक वेळ आम्ही मधल्या दोन-चार स्वरांतच फिरतो, आणि सोप्रानोने, म्हणजे बायकांच्या उंच आवाजाने खाल्लेला सगळा मानपान बघत उभ्या राहतो. सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. मग एकदा मी गाता गाता विचार केला की या आल्टोच्या ओळीवर १७९६ साली रोझ्मितालच्या माळ्यावर कोण उभं असेल? शाळेतली पोरं. दहा-बारा वर्षांची. त्यांना जे झेपेल तेच लिहिलंय. टेनर आणि बासला गावात एखाद-दोन चांगले गळे असणार, म्हणून त्यांना नाटक दिलंय. बासरीवाला बरा असणार, म्हणून बासरीला बोलायला जागा आहे. हॉर्नवाले कदाचित बेताचेच, म्हणून त्यांना शिकारीच्या हाकेसारखे दोन-तीन स्वर दिलेत, चुकायची सोय नाही.

आमच्या मास्तरीणबाई, म्हणजे कोयर चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका, एकच गोष्ट दरवर्षी सांगतात: शब्द सांगा, गाऊ नका. उठवताय ना मालकाला? मग उठवा! टेनरने सुरेल, गुळगुळीत आवाजात "हेय मिस्त्रशे" म्हटलं की त्या थांबवतात. "अशाने कोण उठणार आहे?" आणि खरंच, ही मिस्सा सजवून गायली की मेली. मोठमोठ्या ऑपेरा गायकांनी केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, ऐकवत नाहीत. तो धाकटा मेंढपाळ एकदम शाल पांघरून मैफलीला बसल्यासारखा वाटतो.

गोष्ट सरळ आहे. मालक उठतो, आकाशातलं संगीत ऐकू येतं, देवदूत निरोप सांगतात, मेंढपाळ एकमेकांना हाका मारून जमवतात, वाद्यं घेतात आणि बेथलेहेमला जातात, बाळाला बघतात, गातात. 'किरिये'पासून शेवटापर्यंत हीच एक गोष्ट पुढे पुढे जाते, मिस्सेच्या भागांची नावं तेवढी वर लिहिलेली. आणि यातलं बेथलेहेम पॅलेस्टाइनमध्ये नाहीच. ते पुढच्या टेकडीपलीकडे आहे, ब्रदीच्या रानातून चालत पोचण्यासारखं. बोहेमियात नाताळच्या अशा मेंढपाळ-रचनांची जुनी परंपरा होती, 'पास्तोरेला' म्हणत. खाली मशकबाजासारखा एक सूर लांबवर धरून ठेवायचा, वर गावरान चाल. कांतोर लोक दरवर्षी नवी पास्तोरेला लिहायचे. रिबांनी त्या तुकड्याचा पल्ला वाढवून पाऊण तासाची मिस्सा केली.

मग पाद्री काय करत असतील, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता. याचं उत्तर मजेशीर आहे. त्या काळी वेदीपाशी पाद्री लॅटिनमधली ठरलेली प्रार्थना हळू आवाजात स्वतः म्हणत असत. ती म्हटली गेली की मिस्सा वैध. वर माळ्यावर कोयर काय गातो हा जवळजवळ वेगळाच कार्यक्रम. त्यामुळे खाली 'किरिये एलेइसोन' आणि वर "मालक, उठा!" हे दोन्ही एकाच वेळी सुखाने नांदत. अडचण झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चने उपासनेत सुधारणा केल्या त्या परिषदेनंतर. १९६३ पासून लोकभाषेला दार उघडलं, आमच्या वसईत मराठी मिस्सा आली, इथे चेक आली. आणि लोकभाषा आली म्हटल्यावर 'गौरवगीत' म्हणून गौरवगीताचेच शब्द म्हणायला हवेत, 'क्रेदो' म्हणून श्रद्धेचीच वाक्यं. म्हणजे लॅटिनच्या राज्यात चेक भाषेतली जी मिस्सा खपून गेली, तीच चेकच्या राज्यात नियमात बसेना! आता कुठे ती मध्यरात्रीच्या मिस्सेच्या आधी मैफल म्हणून गातात, कुठे तुकडे करून मिस्सेत पेरतात, आणि कुठे पाद्री प्रेमाने काणाडोळा करतात. आमचे पाद्री तिसऱ्या प्रकारचे आहेत. देव त्यांचं भलं करो.

रिबांच्या चेकप्रेमाबद्दल इथे फार बोललं जातं. ते बरोबरच आहे, कारण त्या वेळी वरचं शिक्षण आणि सरकारी कारभार जर्मनमध्ये होता आणि चेक ही शेतकऱ्यांची बोली समजली जायची. १८०० च्या सुमारास त्यांनी चेक कवितांना चाली लावून संग्रह छापले. पियानोसोबत गायची चेक गाणी त्यांच्याआधी फारशी कोणी लिहिलीच नव्हती. संगीतशास्त्राचं पुस्तकही त्यांनी चेकमध्ये लिहिलं आणि त्यासाठी पारिभाषिक शब्द स्वतः घडवले. ते छापून आलं १८१७ मध्ये. तोवर मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याबद्दल थोडंच लिहिते. १७९० मध्ये त्यांनी आन्ना लाग्लेरोवाशी लग्न केलं, तेरा मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. नेपोलियनच्या लढायांनी ऑस्ट्रियाची तिजोरी रिकामी केली आणि १८११ च्या फेब्रुवारीत सरकारने दिवाळं जाहीर करून कागदी पैशाची किंमत एक-पंचमांशावर आणली. ज्याच्याकडे जमीन होती तो तरला. मोजक्या पैशांवर जगणाऱ्या मास्तराचं काय झालं असेल ते सांगायला नको. वर जुनी भांडणं, थकवा, आजारपण, मनाचा काळोख. ८ एप्रिल १८१५ रोजी सकाळची मिस्सा आटोपून ते वोल्तुशजवळच्या रानात गेले आणि त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. सोबत रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं पुस्तक होतं असं सांगतात. आत्महत्या म्हणून चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, प्लेगच्या जुन्या दफनभूमीत पुरलं. ज्या चर्चसाठी या माणसाने सत्तावीस वर्षं ऑर्गन वाजवला, त्या चर्चच्या आवारात तो आला चाळीस वर्षांनी, १८५५ मध्ये.

या शेवटावर इथे पुष्कळ गळा काढला जातो. 'सर्वांत आनंदी संगीत लिहिणारा सर्वांत दुःखी माणूस' या धर्तीचे मथळे दर डिसेंबरात छापून येतात. मला ते पटत नाही. मिस्सा लिहिली तेव्हा रिबा एकतीस वर्षांचे होते, हातात काम होतं, पोरं होती, कोयर होता. त्या मिस्सेत एकोणीस वर्षं पुढचं मरण शोधत बसायचं कशाला? त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने रचना हजाराच्या वर भरतात. मिस्सा, पास्तोरेला, मयताची गाणी, चार वाद्यांच्या चौकडी, एकल वाद्य आणि वाद्यवृंदाचे कॉन्चेर्तो. बहुतेक हरवल्या. एवढं लिहिणारा माणूस प्रेरणेची वाट बघत बसत नव्हता. रविवार आला की काहीतरी नवं लागायचं, ते तो शनिवारपर्यंत तयार करत होता. त्यातलं सगळंच चांगलं आहे असंही नाही, काही तुकडे अगदी पाट्या टाकल्यासारखे आहेत. चालायचंच.

रोझ्मितालला मी गाडीने गेले, नेपोमुकवरून. गावातल्या संग्रहालयात रिबांवर एक दालन आहे. पण जायचं ते स्तारी रोझ्मितालला, जुन्या गावठाणात, गावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिथे पवित्र क्रुसाचं चर्च आहे. माळ्याकडे पाहिलं आणि पहिला विचार काय आला असेल तर, इथे मावत कसे असतील सगळे! नगारे कुठे ठेवत? ऑर्गनवाल्याला टेनर दिसत तरी होता का? बाहेर आवारात त्यांची कबर आहे, ताजी फुलं होती. एक आजी पाणी घालत होत्या. मी कोण, कुठली विचारलं. भारतातली म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "आणि गाता कोणत्या आवाजात?" आल्टो म्हटलं. "मीही," त्या म्हणाल्या, आणि सोप्रानोंबद्दल आमचं पाच मिनिटं एकमत झालं.

तुम्हाला ऐकायचं असेल तर रिबोव्का युट्यूबवर ढिगाने आहे. भपकेबाज सभागृहातली सोडा, एखाद्या गावच्या कोयरची लावा, जिथे हॉर्न जरा बेसूर लागतोय आणि कोणीतरी पोर खोकतंय. मग 'रोझ्मिली स्लाविचकू' ऐका. ती त्यांचीच छोटी पास्तोरेला आहे. एका सोप्रानोचं आणि ऑर्गनचं काम, नाइटिंगेल पक्ष्याला विनवणी की ये, बाळासाठी गा. मला विचाराल तर मोठ्या मिस्सेपेक्षा हीच सरस आहे, पण इथे हे मोठ्याने बोलत नाही.

वसईच्या आमच्या कोयरमधल्या चुलतभावाला स्वरलिपी पाठवली आहे. हक्काबिक्काची भानगड नाही, दोनशे वर्षं उलटली. शब्द मराठीत बसवायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलंय आणि पहिली ओळ जमलीही आहे. क्लॅरिनेट तिथल्या लग्नाच्या बँडमधून मिळतील म्हणतो. अडलंय ते टेनरपाशी. आहेत ते सगळे स्वतःला बास समजतात.